ब्लँक कुठंय?

रोझ बेंगालचा डाग बोटांवरून लवकर जात नाही. हातमोजे घातले तरी कुठून तरी नखाच्या कडेला शिरतोच. पहिल्या वर्षी एकदा घरी पोळ्या लाटायला उभी राहिले, तर आईनं विचारलं, "तुमच्या कॉलेजात रंगपंचमी अजून चालूच आहे का?" म्हटलं, अगं, हाच रंग गुरांचे डॉक्टर सांसर्गिक गर्भपाताच्या रक्ततपासणीत वापरतात. त्यावर तिनं लाटणं काढून घेतलं.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी या रंगाची झिंक ऑक्साइडच्या कणांशी गाठ घालते. कण चार-पाच नॅनोमीटरचे. ते तयार करणं म्हणजे थोडं स्वयंपाकासारखंच आहे. झिंक ॲसिटेट इथेनॉलमध्ये उकळायचं, भांडं बर्फात बसवायचं आणि लिथियम हायड्रॉक्साइड घालून ढवळायचं. उजेडात बाटलीत काहीच झालेलं दिसत नाही, पाण्यासारखं नितळ. पण यूव्ही दिव्याच्या पेटीत बाटली धरली की आतून निळसर-हिरवा उजेड फुटतो. बर्फातून काढून बाहेर ठेवलं की कण वाढतात आणि उजेड पिवळ्याकडे सरकत जातो. एकच पदार्थ, पण कणाच्या मापाप्रमाणे त्याचा रंग बदलतो. एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच मापावर चालणाऱ्या कणांसाठी. झिंक ऑक्साइडच्या बाबतीत मला आवडणारी गोष्ट निराळी आहे. हा हिरवा-पिवळा उजेड येतो स्फटिकातल्या उणिवांमधून. स्फटिक निर्दोष असता, तर माझ्या कामाचा नव्हता.

रोझ बेंगालच्या रेणूला एक कार्बॉक्सिल गट असतो, त्यानं तो कणाच्या पृष्ठभागावरचं झिंक धरतो. दोन्ही एकत्र करून बाटलीला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची आणि रात्रभर ढवळत ठेवायचं. सकाळी हेक्झेन ओतलं की कण फुटलेल्या दुधासारखे वेगळे होतात. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली की तळाशी गुलाबी साका आणि वर फिकट गुलाबी द्रव. तो द्रव ओतून टाकायचा, पुन्हा धुवायचं. वरचा द्रव बिनरंगी होईस्तोवर धुवायचं, कारण सुटा रंग उरला तर पुढचं सगळं मोजमाप त्याचंच होतं.

हा खटाटोप कशासाठी? रोझ बेंगाल ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा प्रकाश खातो. कण खातो ३७० च्या खालचा यूव्ही, आणि परत देतो साधारण ५४० चा. कणाचं उष्टं हेच रंगाचं जेवण. दोघं पुरेसे जवळ असले तर कण प्रकाश बाहेर टाकायच्या आधीच ती ऊर्जा परस्पर रंगाकडे जाते. पण जवळ म्हणजे किती, तर दहा नॅनोमीटरच्या आत. अंतर दुप्पट झालं की देवाणघेवाणीचा वेग ६४ पट घटतो. मग ऊर्जा घेतलेला रंग ती शेजारच्या ऑक्सिजनला देतो आणि ऑक्सिजन पिसाळतो. त्याचं नाव सिंगलेट ऑक्सिजन. पाण्यात त्याचं आयुष्य सुमारे ३.५ मायक्रोसेकंद. तेवढ्यात तो फार तर दोनेकशे नॅनोमीटर जातो आणि वाटेत जे भेटेल त्याला चावतो. जिवाणूचं आवरण असो, नाहीतर गाठीतली पेशी.

ही मूळ गोष्ट जुनी आहे. १९०० मध्ये म्युनिकला ऑस्कर राब या विद्यार्थ्यानं लिहून ठेवलं की ॲक्रिडीन रंगातले पॅरामेशियम उजेडात मरतात, अंधारात तगतात. त्याचे गुरू फॉन टापायनर यांनी पुढे ऑक्सिजनही लागतोच हे दाखवलं. कर्करोगावर फोटोफ्रिन हे औषध वापरात यायला १९९३ उजाडलं. ते घेतलेल्या रुग्णाला नंतर निदान महिनाभर ऊन चुकवावं लागतं. अर्धवाहक कण या कथेत फार उशिरा आले. २००३ मध्ये क्लीव्हलंडच्या गटानं कॅडमियम सेलेनाइडचे कण थॅलोसायनिन रंगाशी जोडून दाखवले. कॅडमियम विषारी, म्हणून आमच्यासारखे अनेक जण झिंककडे वळले. पण स्पष्टच सांगते, यूव्ही कातडीच्या आत फारसं जात नाही. त्यामुळे 'कॅन्सरवर उपाय' वगैरे पाहुण्यांसमोर कोणी म्हणालं की मी चहा आणायला उठते. पाण्यातले जिवाणू म्हणा, तिथवर ठीक आहे.

सिंगलेट ऑक्सिजन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला चारा घालावा लागतो. तो चारा म्हणजे डीपीबीएफ नावाचं पिवळं द्रव्य. सिंगलेट ऑक्सिजननं खाल्लं की त्याचा पिवळेपणा जातो. क्युव्हेटमध्ये कण, रंग आणि डीपीबीएफ घ्यायचं, दिव्याखाली ठेवायचं आणि दर मिनिटाला स्पेक्ट्रोमीटरवर ४१० चा उंचवटा किती खचला ते बघायचं. माझा पहिला आलेख इतका देखणा आला की मी त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. सरांनी तो चष्मा कपाळावर सरकवून पाहिला आणि दोनच शब्द बोलले. "ब्लँक कुठंय?"

ब्लँक म्हणजे नुसतं डीपीबीएफ, त्याच दिव्याखाली, कण नाहीत, रंग नाही. ते मी केलंच नव्हतं. दुपारी केलं. यूव्हीखाली ते एकटंच जवळजवळ तेवढ्याच वेगानं फिकं पडत होतं. माझे कण त्यात फक्त हजेरी लावत होते. मैत्रिणींचे अंगठे मोबाइलवर अजून येत होते.

मग हिरवा एलईडी लावला. हिरव्याखाली डीपीबीएफ ढिम्म हलत नाही, ब्लँक सरळ सपाट. पण इथे दुसरीच गोची होते. हिरवा प्रकाश कणाला दिसतच नाही, तो थेट रंग खातो. आणि उत्तेजित रंग कणाला चिकटलेला असला, तर आपला इलेक्ट्रॉन कणातच ढकलून देतो. रंग वापरून वीज करणारे सोलर सेल याच युक्तीवर चालतात. म्हणजे यूव्हीखाली कण रंगाला देतो आणि हिरव्याखाली रंग कणाला. सासरमाहेरसारखी देवघेव, फक्त दिवा बदलला की दिशा बदलते. कणात गेलेला इलेक्ट्रॉन पुढे ऑक्सिजनला मिळाला तर होतो सुपरऑक्साइड. तोही चावराच, पण जात वेगळी.

या कामात दिवस जातात ते जोडी जमवण्यात नाही, जोडीनं नेमकं काय केलं ते ठरवण्यात. यूव्हीखाली रंग घातल्यावर कणाचा उजेड मंदावतो. ऊर्जा रंगाकडे गेली म्हणून, की रंगानं मध्ये उभं राहून दिवाच अडवला म्हणून? ते कळायला उजेडाचं नॅनोसेकंदातलं आयुष्य मोजावं लागतं. सोडियम अझाइड घातलं तर ते सिंगलेट ऑक्सिजन पकडतं, पण हायड्रॉक्सिल रॅडिकललाही सोडत नाही, आणि इथेनॉलमध्ये फारसं विरघळतही नाही. खात्रीची खूण एकच: सिंगलेट ऑक्सिजन निवताना १२७० नॅनोमीटरला देतो तो अगदी क्षीण उजेड. तो टिपणारा डिटेक्टर आमच्याकडे नाही.

गेल्या आठवड्यात ऑक्सिजन हाकलून काय होतं ते बघायला नायट्रोजन लावून पाहिला. नायट्रोजन नुसताच सोडला तर क्युव्हेटमधलं इथेनॉल उडून द्रावण दाट होतं, म्हणून तो आधी दुसऱ्या बाटलीतल्या इथेनॉलमधून बुडबुडत आणायचा. अर्धा तास बुडबुडे, मग रबरी बूच घट्ट. खोलीतली ट्यूबलाइट बंद, हिरवा एलईडी चालू, दर मिनिटाला नोंद. पहिल्या मिनिटाला काही नाही. पाचव्यालाही नाही. दहा मिनिटं रेघ सपाट. मग बूच काढलं, क्युव्हेट जरा हलवलं आणि पुन्हा लावलं. पुढच्याच नोंदीला ४१० चा उंचवटा खचला, त्यानंतर दर मिनिटाला खचतच गेला.

या वेळी ब्लँक आधीच केला होता. दोन्ही आलेख घेऊन सरांकडे गेले. त्यांनी बराच वेळ पाहिले, मानही हलवली.

"छान. ऑक्सिजन लागतो, हे पक्कं झालं." मग चष्मा खाली घेतला. "पण सुपरऑक्साइडलाही ऑक्सिजन लागतोच की."

मी परत येऊन फॉइलची गुंडाळी उलगडायला घेतली.