काशीत शिकायला येणाऱ्यांसाठी

मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांचे दिवाण श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ च्या सुमारास बांधला. शेजारीच अहिल्याबाई घाट. पदव्युत्तर शिक्षणासाठी नव्याने आलेल्या मराठी मुलांनी पहिल्या आठवड्यात इथे जरूर यावं. परक्या गावात आपलं काही आहे, हा दिलासा खरा असतो.

बनारस हिंदू विश्वविद्यालय (स्थापना १९१६) इथून दक्षिणेला, लंका भागात आहे. त्याच वर्षी इंटरची परीक्षा सोडून विनोबा भावे संस्कृत शिकायला काशीत आले. दुपारी अन्नछत्रात जेवण आणि वर दोन पैसे दक्षिणा. त्या पैशांत संध्याकाळचं दही आणि रताळी. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनीही संस्कृतसाठी काशी गाठली होती. आजच्या मेसच्या वरणाला नावं ठेवण्याआधी हे आठवावं.

सगळ्यात गोंधळ होतो तो पंचांगाचा. इथले महिने पौर्णिमेला संपतात, आपले अमावास्येला. म्हणून इथला श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. आईने फोनवर सांगितलेला श्रावणी सोमवार इथल्या हिशेबाने वेगळा निघू शकतो. गणेश चतुर्थी मात्र एकाच दिवशी येते, कारण शुक्ल पक्ष दोन्हीकडे सारखाच.

जानेवारीत दाट धुकं पडतं, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात; परतीचं तिकीट परीक्षेच्या अगदी आदल्या दिवसाचं काढू नका. पावसाळ्यात गंगा चढली की घाटांच्या पायऱ्या बुडतात, एका घाटावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. तेव्हा गल्ल्यांतूनच फिरावं.