पिंपातला गप्पी मासा

नळाला पाणी ठरावीक वेळेपुरतेच येते. त्यामुळे फुलेनगर असो की गंजमाळची भीमवाडी, दाराशी पिंप हवेच. डेंग्यूचा डास नेमका याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यावर येतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. २०२४ च्या पावसाळ्यात नाशिकला डेंग्यूचे रुग्ण शेकड्यांनी निघाले.

जे भांडे उपडे करता येते ते आठवड्याला रिकामे करून घासावे. नुसते ओतून चालत नाही. अंडी काठाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. पिण्याच्या पाण्यात मासे सोडू नयेत. त्यावर फडके घट्ट बांधावे.

पण सिमेंटची टाकी किंवा विहाराच्या अंगणातले कमळाचे कुंड दर आठवड्याला कोण उपसणार? तिथे गप्पी मासा कामाचा. बोटाच्या दोन पेरांएवढा हा मासा दिवसाला ८०-१०० अळ्या खातो. तो अंडी न घालता थेट पिल्ले देतो, साधारण महिन्याला एकदा. दोनशे लिटरच्या पिंपाला पाच-सहा मासे पुरतात. त्यात नर-मादी दोन्ही हवेत. रंगीत शेपटीचा तो नर. महापालिकेच्या मलेरिया विभागात किंवा फवारणीला येणाऱ्या कर्मचाऱ्याकडे विचारणा करावी. नळाचे ताजे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच मासे सोडा, क्लोरीनने ते मरतात. पुढेही पाणी थोडे थोडेच बदलावे.

अळ्या संपल्या की गप्पी शेवाळ कुरतडतो, पण त्याने टाकी लख्ख होईल ही आशा नको. शेवाळासाठी दुकानदार सकर मासा गळ्यात मारतात. तो काच चाटतो खरा, पण फूटभर वाढतो, आणि डासांच्या अळ्यांसाठी त्याचा उपयोग नाही. मग कंटाळून लोक तो नदीत सोडतात. उजनीत मच्छिमारांच्या जाळ्यात आज हाच मासा येतो, त्याला गिऱ्हाईक नाही. गप्पीसुद्धा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. म्हणून जास्तीची पिल्ले शेजारच्या टाकीत द्या. गोदावरीत किंवा नासर्डीत नको.

नाशिकची थंडी मात्र त्याला सोसत नाही. पारा दहाच्या खाली उतरायला लागला की चार-पाच मासे घरातल्या बादलीत आणून ठेवावेत. बाहेरचे मेले तरी बी शिल्लक राहते.