उचलीची वही

गणपती विसर्जन झालं की महाडच्या खाडीपट्ट्यात कोळसाभट्ट्यांसाठी मजूर जमवणारा मुकादम फिरू लागतो. तुडील, रावढळ, चिंभावे या बाजूला भात पोटरीला आलेलं असतं, लावणीची मजुरी कधीच संपलेली असते, कापणीला अजून अवकाश असतो. डोंगरकडेच्या कातकरी वाड्यांत हे दिवस सगळ्यात रिकामे. मुकादमाला ते नेमके ठाऊक असतात.

अशाच एका वाडीवर हा व्यवहार मी जवळून पाहिला. मुकादम ओट्यावर बसला, चहा प्यायला, पोरांची चौकशी केली. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचं लग्न ठरलंय, हे त्याने आधीच काढून ठेवलं होतं. मग पैसे मोजले गेले आणि वहीत अंगठा उठला. उचल नवरा-बायकोची मिळून, पण नाव फक्त नवऱ्याचं. काम बाईही करणार, दहा-बारा वर्षांचा पोरगाही करणार. वहीत दोघंही नाहीत. पोत्यामागे दर काय, हे कुणी बोललं नाही. ‘शेट बघेल’, एवढंच. जायचं कुठे? ‘घाटावर.’ कुठल्या गावी, कुणाच्या भट्टीवर, हे गाडीत बसल्यावर कळणार. वही मुकादमाच्या पिशवीत गेली.

पुढचे सहा-सात महिने या कागदावर चालतात.

कोळसा पाडणं हे कसबाचं काम आहे. आधी झाडं तोडायची, सारख्या लांबीचे ओंडके करायचे, ते ओढत भट्टीच्या जागेवर आणायचे. मग ढीग रचायचा, जाड लाकूड मध्ये, बारीक बाहेर. त्यावर पालापाचोळा आणि वरून ओल्या मातीचा लेप. हवा जायला भोकं ठेवायची आणि आग लावायची. लाकूड पेटू द्यायचं नाही, फक्त करपू द्यायचं, आणि हे कित्येक दिवस चालतं. धूर पांढरा दाट असेतो आत ओल आहे. तो विरळ निळसर झाला की भोकं बुजवायची. रात्री मातीला कुठे तडा गेला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर सगळ्या मेहनतीची राख होते. म्हणून नवरा-बायको आळीपाळीने जागतात. भट्टी निवली की कोळसा ओढायचा, चाळायचा, पोत्यांत भरायचा. मजुरी पोत्यावर. तोडणी, ओढणी, रचणी आणि जागरण यांचा वेगळा पैसा नाही. राख झाली तर पोतं नाही, म्हणजे मजुरीही नाही.

दर आठवड्याला खर्ची मिळते, तांदूळ-मिठापुरती. तीही वहीत चढते. पावसाच्या तोंडावर हिशोब होतो आणि बहुतेक वेळा उचल फिटत नाही. बाकी अंगावर राहते, तिच्यासाठी पुढच्या वर्षी त्याच शेटकडे. हिशोब विचारला तर वही उघडून दाखवतात. वाचता येत नसलेल्या माणसाला ती दाखवली काय, न दाखवली काय.

कायद्याच्या पुस्तकात या प्रकाराला जागा आहे. राज्यघटनेचं कलम 23 माणसांचा व्यापार आणि वेठबिगार दोन्हींना एकाच वाक्यात मनाई करतं. 1976च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्दच ठरवलं, आणि ते वेठीचं कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी धनकोवर टाकली. 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात राबवणं ही सक्तीची मजुरीच आहे, कारण भूकसुद्धा सक्ती करते. त्याच सुमारास वसईत विवेक आणि विद्युल्लता पंडित वेठबिगारांना सोडवत होते आणि श्रमजीवी संघटना उभी राहत होती.

पण फौजदारी कायद्यात एक मोठी फट राहिली. फेब्रुवारी 2013च्या अध्यादेशात मानवी तस्करीच्या व्याख्येत सक्तीची मजुरी स्पष्ट लिहिलेली होती. दोन महिन्यांत संसदेने कायदा केला तेव्हा ते शब्द गळले. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये भीक मागायला लावणं आलं, सक्तीची मजुरी परतली नाही. तस्करीला किमान सात वर्षं शिक्षा आहे, बेकायदा सक्तीने राबवण्याला जास्तीत जास्त एक वर्ष. कातकऱ्यावर झालेला गुन्हा कुठल्या कलमात बसवायचा, यावर सगळं अवलंबून.

आणि ते ठरतं चौकशीच्या टेबलावर. सुटून आलेल्या एका कुटुंबाचा जबाब घेतला जात असताना मी शेजारी बसलो होतो. ‘बांधून ठेवलं होतं का?’ नाही. ‘पैसे घेतले होते ना?’ घेतले होते. ‘म्हणजे आपखुशीने गेलात.’ कागद मिटला. दर काय ठरला होता, पोरगा आजारी पडला तेव्हा घरी सोडलं का, दुसऱ्या शेटकडे जाता आलं असतं का, हे कुणी विचारलं नाही. तस्करी सिद्ध झाली तर पीडिताच्या संमतीला अर्थ नाही, असं कलम 143 म्हणतं. इथे मात्र संमतीनेच प्रकरण संपलं. वेठबिगारीतून सुटल्याचा मुक्तता दाखला नाही, म्हणून पुनर्वसनाची रक्कमही नाही.

‘राज्याने कायदा कडक करावा’ अशी मागणी अधूनमधून होते. ती बहुतेक शिक्षेभोवती फिरते. पण कलम 23च्या गुन्ह्यांची शिक्षा ठरवण्याचा अधिकार कलम 35 ने संसदेकडेच ठेवला आहे, विधिमंडळाकडे नाही. 1976च्या कायद्यातला दोन हजारांचा दंड मुंबईत बसून वाढवता येणार नाही. राज्याच्या हातात आहे ती मुकादमाची वही. मुकादमाची नोंदणी सक्तीची करता येईल. गाडी निघण्याआधी ग्रामपंचायतीत मालकाचं नाव, ठिकाण आणि दर लिहून घेता येईल. बाईचं नाव स्वतंत्र, तिची मजुरी तिच्या हातात. कोळशाच्या पोत्याचा किमान दर तोडणी आणि जागरण धरून ठरवता येईल. जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याला प्रश्नांचा बांधील नमुना देता येईल. हिशोबाची प्रत मजुराकडे नसेल तर त्याचं म्हणणं खरं धरायचं, असा नियम घालता येईल. वाडीवर हे सगळं पोचवायचं तर ते भाद्रपदाआधी पोचलं पाहिजे. त्यानंतर अंगठे उठलेले असतात.