ट्रकचालकाचा परवाना : कागद आणि पात्रता

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि मावळातील उर्से हे नाव टोलनाक्यामुळे दूरवर माहीत झाले. या नाक्यावरून रात्रंदिवस मालमोटारी जातात. आसपास कारखाने आणि गोदामे वाढली. साहजिकच आपल्या भागातील पुष्कळ तरुणांना ट्रक चालविणे हा हाताशी असलेला रोजगार वाटतो. म्हणून हा परवाना कसा मिळतो आणि कायद्याने त्यासाठी इतक्या पायऱ्या का ठेवल्या, हे सभासदांनी व विद्यार्थ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

या धंद्यात शिक्षणाची जुनी रीत म्हणजे क्लीनर म्हणून गाडीवर चढायचे, उस्तादाची सेवा करायची आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर तो स्टिअरिंग हाती देईल तेव्हा शिकायचे. या रीतीने अनेक चांगले चालक घडले, हे खरे. पण उस्तादाला जे ठाऊक तेवढेच शिष्याला मिळते, आणि त्याच्या चुकाही वारशाने येतात.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने याला शिस्त घातली. हलक्या मोटारीचा परवाना वयाच्या १८ व्या वर्षी मिळतो. वाहतुकीचे वाहन चालविण्यासाठी मात्र वय २० वर्षे पूर्ण हवे. शिवाय हलक्या मोटारीचा परवाना किमान एक वर्ष हाती असल्याखेरीज त्याचा शिकाऊ परवाना मिळत नाही. अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला लागतो आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्रही लागते. नियमांनुसार हे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष वाहन चालविण्याचे किमान १५ तास असावेत. अभ्यासक्रमात आग विझविणे आणि प्रथमोपचारही येतात. शिकाऊ परवान्याला ३० दिवस झाल्यावर चाचणी देता येते. मावळ तालुका पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाकडे, म्हणजे एमएच १४ कडे, येतो.

हे १५ तास कशासाठी, याचे उत्तर बोरघाटात मिळते. भरलेला ट्रक उतारावर सतत ब्रेक दाबत उतरविला, तर ब्रेकचे ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. डिझेल वाचविण्यासाठी कोणी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, तर इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवरच पडतो. इंजिन बंद केले तर एअर ब्रेकला हवा पुरविणारा कॉम्प्रेसरही थांबतो. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरावे. ही गोष्ट पुस्तकात वाचून हातात येत नाही. शेजारी जाणता शिक्षक बसवून ती करूनच शिकावी लागते.

ज्वालाग्राही व विषारी मालासाठी नियम अधिक कडक आहेत. असा माल नेणाऱ्या चालकाला तीन दिवसांचे खास प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. १३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ कुणे येथील पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळते रसायन खालच्या रस्त्यावर पडले आणि तिथून जाणारेही त्यात सापडले. टँकरवरील धोक्याची पाटी वाचता येणे, हा प्राणांचा प्रश्न आहे.

साध्या मालमोटारीसाठीही पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. २०१९ मध्ये ती काढण्यात आली. परिस्थितीमुळे शाळा सुटलेल्या तरुणांसाठी दार उघडले, ही चांगली गोष्ट. पण ती अट गेल्यामुळे प्रशिक्षणाचे महत्त्व कमी झाले नाही, उलट वाढले. त्याच वर्षी परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. धोकादायक मालासाठी ती तीन वर्षे असून नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाची उजळणी सक्तीची आहे. मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

टेम्पो चालविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मालासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. त्यापेक्षा जड वाहनाला वेगळी पात्रता लागतेच. मालकांवरही जबाबदारी आहे. विनापरवाना माणसाच्या हाती गाडी देणे हा मालकाचा गुन्हा आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी जखमींना दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. एका रात्रीच्या सोयीपायी घरदार विकण्याची पाळी येऊ शकते.

परवाना असला तरी थकलेला चालक अपात्रच. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच घातली होती. मालकाने खेपेची घाई केली, तर ही मर्यादा सांगण्याचा चालकाला हक्क आहे.

विद्यार्थी मित्रांनी या मार्गाला जायचे ठरविले, तर प्रमाणपत्र विकत घेण्याच्या मोहात पडू नये. फी भरली आहे, तेव्हा ट्रकवरचे पूर्ण १५ तास मागून घ्यावेत आणि रोजची नोंद आपल्या वहीत ठेवावी. न शिकता मिळालेला कागद नाक्यावर दाखविता येईल. घाटाच्या उतारावर तो कामाला येणार नाही.