आकाशांतील अंतर आणि घड्याळांतील वेळ

जळगांवच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेनें अंतर सुमारें ३५५ किलोमीटर भरतें. लोहमार्गानें तेंच ४२० च्या घरांत जातें. अशा टप्प्यावर उडणारें एटीआर जातीचें पंख्यांचें विमान ताशीं सुमारें ५०० किलोमीटर जातें. त्रैराशिक मांडलें, तर पाऊण तासाच्या आंत मुंबई यावयास हवी. वेळापत्रकांत मात्र तासाहून अधिक वेळ दिलेला असतो, आणि चौकस प्रवाशास त्यांत कांहीं लबाडी असल्याचा संशय येतो.

लबाडी मुळींच नाहीं. विमान जागेवरून हललें कीं वेळ मोजावयास प्रारंभ होतो आणि दुसऱ्या ठिकाणीं तें उभें राहिलें म्हणजे मोजणी संपते. धांवपट्टीपर्यंतची संथ चाल, चढतांना मंदावलेला वेग, वाऱ्यास सामोरें जाऊन उतरण्यासाठीं घ्यावा लागणारा वळसा आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशांत आपली पाळी येईपर्यंतच्या घिरट्या, हें सर्व त्यांत येतें. प्रवास लहान असो वा मोठा, हीं मिनिटें फारशीं बदलत नाहींत. जळगांव-मुंबई उड्डाणांत वेळाचा तिसरा हिस्सा तरी तींच खातात. मुंबई-न्यूयॉर्क उड्डाणांत तीं कोणाच्या ध्यानींही येत नाहींत.

तेथें अडचणी निराळ्या. हें अंतर सुमारें १२,५०० किलोमीटर. भिंतीवरील नकाशांत न्यूयॉर्क सरळ पश्चिमेस दिसतें. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, तर तो नॉर्वे व आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोंकाजवळून जातो. जवळची वाट ती हीच! शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. म्हणून जातांना येण्यापेक्षां अधिक वेळ लागतो. हिंवाळ्यांत रात्रीं एकला मुंबईहून सुटलेलें विमान सोळा तासांनीं पोहोंचलें, तर न्यूयॉर्कच्या घड्याळांत त्याच दिवशींचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तेथील घड्याळ त्या ऋतूंत साडेदहा तास मागें असतें. मुलाच्या आगमनाची वाट पाहणाऱ्या घरानें तिकिटावरील दोन वेळांची नुसती वजाबाकी करूं नये, हें बरें.

आतां धुळ्याची गोष्ट. जळगांवचा विमानतळ २०१२ सालीं तत्कालीन राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांच्या हस्तें सुरू झाला. धुळ्याजवळ गोंदूर येथें धावपट्टी आहे. पण प्रवासी विमानांची नियमित सोय नाहीं. वास्तविक धुळें मुंबईस जळगांवपेक्षां जवळ, सरळ रेषेनें सुमारें २८५ किलोमीटरच. तरीही विमान गांठावयाचें, तर धुळेंकरानें प्रथम सुमारें ९० किलोमीटर पूर्वेस, म्हणजे मुंबईकडे पाठ करून जावें, उड्डाणापूर्वीं तासभर तिष्ठावें आणि नंतर त्याच प्रदेशावरून परत यावें. मुंबईच्या इस्पितळांतील ठरलेली वेळ गांठावयाची असल्यास आग्रा रस्त्यानें थेट निघालेली मोटार त्याला बहुधा अधिक सोयीची.

गोव्याचा हिशेब मात्र उलटा आहे. २०२४ सालीं जळगांवहून गोव्यास विमान सुरू झालें, तें अंतर सुमारें ६१० किलोमीटर; आणि रेल्वेनें मनमाड, पुणें, मिरज, बेळगांव असा फेरा. तेथें जळगांवपर्यंतची उलट वाटही धुळेंकरास परवडते.