वायफाय रिले स्विच बसवताय? फोनमधलं ‘बंद’ म्हणजे करंट बंद नव्हे

मुलगा दुबईत, रियाधमध्ये नाहीतर पुण्यात नोकरीला आणि गावाकडच्या घरी अम्मी-अब्बा दोघंच, हे चित्र आता आपल्या समाजात घरोघरी आहे. अब्बांचे गुडघे दुखतात, अंगणातला दिवा बंद करायला रात्री उठणं नको वाटतं. पाण्याची मोटर सुरू राहिली की टाकी वाहून जाते. अशा वेळी मुलगा सुट्टीवर येताना एक छोटा डबा घेऊन येतो, चार किंवा आठ चॅनेलचा वायफाय रिले स्विच. तो बोर्डात बसवला की दिवे, पंखे, कुलर फोनवरून सुरू-बंद होतात, मग फोन शेजारच्या खोलीत असो की सौदीत.

वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातलं जऊळका हे अकोला-पूर्णा मार्गावरचं रेल्वे स्टेशनचं गाव. तिथल्यासारख्या घरांत जुनी वायरिंग, मध्येच जाणारी लाईट आणि बोअरची मोटर या तिन्ही गोष्टी एकत्र असतात. शहरातल्या फ्लॅटसाठी केलेला व्हिडिओ बघून तसंच इथे जोडलं तर घोटाळा होऊ शकतो. म्हणून हे यंत्र कसं चालतं आणि कुठे जपायचं ते आपण नीट समजून घेऊ.

रिले म्हणजे काय?

रिले म्हणजे विजेने दाबलं जाणारं बटण. आत तारेचं एक छोटं वेटोळं असतं. त्यातून थोडा करंट गेला की त्याचं चुंबक होतं आणि ते एक पत्ती ओढून घेतं. पत्ती टेकली की मोठा करंट पुढे जातो. ‘टक’ असा जो आवाज येतो तो याच पत्तीचा. ही युक्ती 1830 च्या दशकातली, तारायंत्राच्या काळातली आहे. नवीन आहे ती फक्त वायफायची चिप, जी फोनचा हुकूम ऐकून त्या वेटोळ्याला करंट देते. चार चॅनेल म्हणजे असे चार रिले, म्हणजेच चार वेगवेगळी बटणं.

आपोआप चालणाऱ्या यंत्रांशी आपलं नातं जुनंच आहे. अल-जझरी यांनी 1206 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात पाण्यावर चालणाऱ्या कितीतरी स्वयंचलित यंत्रांची वर्णनं आहेत, त्यात हात धुवायला पाणी देणारं यंत्रही आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

साध्या बटणासमोर उभा असलेला माणूस खोलीत काय चाललंय ते बघत असतो. वायफायच्या बटणाला ते दिसत नाही. अब्बा स्टुलावर चढून बल्बचा होल्डर तपासत आहेत आणि तिकडे दुबईत मुलाने सहज फोनवर ‘चालू’ दाबलं, तर? किंवा कुणीच काही दाबलं नाही, पण सकाळी लावलेल्या टायमरची वेळ झाली, तर? समोर 230 व्होल्ट आहेत. तिथे दुसरी संधी मिळेलच असं नाही.

शिवाय फोन दाखवतो ते दर वेळी खरं असेल असंही नाही. नेट गेलं तर काही ॲप शेवटची माहीत असलेली स्थितीच दाखवत राहतात. कधी रिलेच्या आतली पत्ती ठिणगीने चिकटून बसते. मग फोनवर ‘बंद’ दिसतं, चिपलाही बंद वाटतं, पण करंट चालूच असतो.

म्हणून घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांना आणि कामावर येणाऱ्या माणसालाही, एकच नियम सांगून ठेवा. बल्ब, पंखा, मोटर, कशालाही हात लावायच्या आधी एमसीबी खाली पाडायचा किंवा मेन स्विच बंद करायचा. फोनवर बंद केलं तेवढं पुरत नाही. काम चालू असताना एमसीबीवर चिठ्ठी लावा, म्हणजे दुसरं कुणी येऊन वर करणार नाही.

कुठलं उपकरण जोडायचं, कुठलं नाही?

बहुतेक स्वस्त बोर्डांच्या रिलेवर ‘10 अँपिअर 250 व्होल्ट’ असं छापलेलं असतं. हा आकडा साध्या लोडसाठी आहे, मोटरसाठी नाही. हिशोब सोपा आहे. वॅटला 230 ने भागा, अँपिअर येतात.

• 9 वॅटचा एलईडी बल्ब किंवा 75 वॅटचा पंखा: चालेल. पण रिले पंखा फक्त सुरू-बंद करतो, वेग कमी-जास्त करत नाही. रेग्युलेटर आहे तसा राहू द्या.
• कुलर: घरगुती कुलर साधारणपणे चालतो, तरी त्याच्या पट्टीवरचे वॅट वाचून घ्या.
• 2000 वॅटचा गीझर: जवळजवळ 9 अँपिअर. 10 च्या रिलेवर तासन्तास इतका लोड नको, तो तापतो. त्याच्यासाठी मोठा कॉन्टॅक्टर लागतो.
• इस्त्री, शेगडी, रूम हीटर: आकडा बसत असला तरी जोडू नका. कपड्यावर ठेवलेली इस्त्री दूर बसलेल्या माणसाला दिसत नाही.

चार रिले 10-10 अँपिअरचे आहेत म्हणून बोर्ड 40 अँपिअर पेलेल असंही समजू नका. चौघांना करंट पुरवणारी वायर एकच असेल तर मर्यादा त्या वायरची असते.

बोअरची मोटर

जास्त चुका इथेच होतात. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, आकडा छोटा वाटतो. पण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते. त्या झटक्यात छोट्या रिलेची पत्ती जळते किंवा चिकटते. पत्ती चिकटली तर मोटर बंदच होत नाही.

बरोबर पद्धत अशी आहे. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरचं वेटोळं चालवायचं आणि मोटरचा करंट कॉन्टॅक्टरमधून जाऊ द्यायचा. ओव्हरलोड आणि ड्राय-रन संरक्षण हवंच. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली जातं. दूरच्या मुलाला ते कळत नाही, मोटर कोरडी चालते आणि जळते. आमचं मत विचाराल तर मोटर ‘बंद’ करायची सोय फोनवर ठेवा, ‘चालू’ घरच्याच माणसाने करावी. बऱ्याच बोर्डांत ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय असते, ती 15-20 मिनिटांवर लावली तर टाकी वाहणार नाही. पाणी वाया घालवणं हाही इसराफच आहे.

लाईट गेली आणि परत आली

लाईट येते तेव्हा रिलेने काय करायचं, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं: बंद राहायचं, चालू व्हायचं की आधीच्या स्थितीत जायचं. हे बघितलं नाही तर रात्री दोनला लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू होऊ शकते. मोटर आणि कुलरसाठी ‘बंद’ ठेवा. दादीच्या खोलीतल्या दिव्यासाठी ‘आधीची स्थिती’ ठीक आहे.

राउटर बंद पडला किंवा रिचार्ज संपला तरी घर अंधारात राहता कामा नये. म्हणून भिंतीवरचं हाताचं बटण चालू राहील असाच बोर्ड घ्या. त्यावर बाहेरचं बटण जोडायची जागा असते. दादीला फोन वापरता येत नाही, तिला नेहमीचंच बटण हवं.

बोर्डात न्यूट्रल आहे का?

वायफायच्या चिपला स्वतःला चोवीस तास वीज लागते, त्यासाठी फेजबरोबर न्यूट्रलही हवी. जुन्या घरांत नुसत्या दिव्याच्या बटणापर्यंत फक्त फेज आणलेली असते. बोर्डात थ्री-पिन सॉकेट असेल तर बहुधा न्यूट्रल असते. नसेल तर वायरमनकडून नवीन ओढून घ्या. अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून वापरायची नाही, कुणी सुचवलं तरी नाही. त्याने कुलरच्या पत्र्यात करंट उतरू शकतो.

रिले नेहमी फेजवरच हवा. न्यूट्रलवर लावला तर बल्ब विझतो, पण होल्डरमध्ये करंट राहतो.

सहेरी, मगरीब आणि टायमर

अंगणातला दिवा संध्याकाळी आपोआप लागावा असं वाटतं. आपल्या भागात डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनअखेर सातनंतर. ठरावीक वेळेऐवजी ‘सूर्यास्त’ हा पर्याय निवडा. सहेरीसाठी दिवा लावायचा असेल तर दर रमजानला वेळ नव्याने भरा, कारण रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येतो. रोजा आणि नमाजची वेळ मात्र मशिदीच्या वेळापत्रकानेच पाळायची. हा टायमर फक्त दिव्याचा आहे.

मुलाने आखातातून ॲप लावलं असेल तर टाइमझोन भारताचा आहे का ते तपासा. सौदी आपल्या अडीच तास मागे आहे, दुबई दीड तास. हे चुकलं तर सहेरीचा दिवा फजरनंतर लागेल.

विजेची बचत होते का? चार चॅनेलचा बोर्ड स्वतःच साधारण 2 वॅट खातो, म्हणजे महिन्याला दीड युनिट. विसरलेला 75 वॅटचा पंखा रोज आठ तास फिरत असेल तर तेवढं तीन दिवसांतच जातं. विसरण्याची सवय असलेल्या घरात फायदा आहे, नाहीतर फारसा नाही.

घरच्यांची परवानगी

ॲपमध्ये कुठला दिवा किती वाजता लागला याची नोंद राहते. अम्मी रात्री किती वेळा उठली हेही त्यात दिसतं. काळजीपोटी बघणं वेगळं आणि न सांगता नजर ठेवणं वेगळं. आधी विचारा, मगच लावा. पासवर्ड सगळ्यांना वाटण्यापेक्षा ॲपमधली ‘शेअर’ची सोय वापरा आणि बसवणाऱ्या माणसाचा फोन काम झाल्यावर त्यातून काढून टाका.

बसवण्याआधी हे बघा

• उघडा सर्किट बोर्ड नको. बंद प्लास्टिक डब्यातला घ्या. लोखंडी पेटीत वायफायची रेंज मिळत नाही.
• राउटरचं 2.4 गीगाहर्ट्झ नेटवर्क सुरू हवं, बहुतेक बोर्ड त्यावरच चालतात.
• अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. बजेट कमी असेल तर आधी हा, रिले नंतर.
• काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.
• एमसीबी कुठला कशाचा, हे मराठीत लिहून पेटीवर चिकटवा.

या ईदला मुलगा घरी आला आणि हा डबा बसवायला घेतला, तर त्याच दिवशी सगळ्यांना पेटीजवळ बोलवा आणि एमसीबी कसा पाडायचा ते प्रत्येकाच्या हातून एकदा करून घ्या. त्याला पाच मिनिटं लागतात. अल्लाह सगळ्यांची घरं सलामत ठेवो, आमीन.