पेट्रोलची नळी आणि जुनी मोटार

श्रोतेहो, मोटारीची गोष्ट निघाली म्हणजे माणसे इंजिनाचे कौतुक करतात, टायरची चौकशी करतात, लिटरला किती धावते तेही विचारतात. टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत नेणाऱ्या रबरी नळीची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाही. करंगळीएवढी जाड, कुठे वीतभर तर कुठे हातभर लांब, काळी, धुळीने माखलेली वस्तू ती! पण जुनी गाडी पेट घेते, तेव्हा पुष्कळदा तिचे कारण याच नळीत सापडते. ही नळी का बिघडते, ती केव्हा बदलावी आणि बदलताना जिवाला धोका होऊ नये म्हणून कोणती रीत पाळावी, एवढेच आज पाहू. उदाहरणासाठी एक जुनी जर्मन मोटार घेऊ. तिचा धडा आपल्या अंगणातल्या मोटारसायकलीलाही लागू पडतो. तो कसा, ते शेवटी सांगतो.

आधी दाबाची गोष्ट समजून घेतली पाहिजे. पूर्वीच्या पेट्रोल गाडीत कार्ब्युरेटर असे. पंप पेट्रोल हलकेच पुढे ढकली, एका लहानशा वाटीत ते साठे आणि इंजिन आपल्या ओढीने त्यातून हवे तेवढे शोषून घेई. बहुतेक मोटारसायकलींना तर पंपही नसे. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली. पाटाचे पाणी उताराने वाहावे, तसाच हा प्रकार. नळीला चीर पडली तर पेट्रोल थेंब थेंब गळे, वास येई आणि मालक सावध होई.

इंजेक्शनच्या गाडीची तऱ्हा वेगळी. तिथे विजेचा पंप पेट्रोल दाबून धरतो आणि बारीक तोंडातून त्याचा फवारा इंजिनाकडे उडतो. पाठीवर घ्यायचा आपला फवारणी पंप आठवा. दांडा हलवून दाब भरला आणि नळीला टाचणीएवढे भोक असले, तर औषधाची चिळकांडी कशी अंगावर येते! पेट्रोलचेही तसेच होते. शिवाय किल्ली फिरवून इंजिन बंद केले, तरी नळीतला दाब लगेच उतरत नाही. तो बराच वेळ टिकतो. बंद गाडी म्हणजे निर्धोक गाडी, हा समज म्हणून सोडून द्यावा.

पेट्रोलच्या इंजेक्शनची युक्ती फार नवी नाही. १९५४ साली जर्मनीत मर्सिडीज ३०० एसएल ही शर्यतीच्या धाटणीची मोटार निघाली, तिच्यात ती होती. पुढे १९६७ साली बॉश कंपनीने विजेच्या यंत्रणेने पेट्रोल मोजून देणारी पद्धत फोक्सवॅगन १६०० या साध्या मोटारीत आणली. तिला डी-जेट्रॉनिक म्हणतात. याच पद्धतीची इंजिने पुढे पोर्शे ९१४ या गाडीत बसली. आपले उदाहरण ते हेच.

फोक्सवॅगन आणि पोर्शे या दोन कारखान्यांनी मिळून ही गाडी काढली. १९६९ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली आणि १९७६ पर्यंत सुमारे १ लाख १८ हजार गाड्या तयार झाल्या. त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. दोन माणसांची, बसकी, छपराचा तुकडा काढून ठेवता येणारी ही गाडी. तिची इंजिन ठेवण्याची जागा निराळी आहे. इंजिन बसणाऱ्यांच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे. आणि पेट्रोलची टाकी पार पुढे. म्हणजे पेट्रोलला सगळी गाडी ओलांडून जावे लागते. त्यासाठी मधल्या बोगद्यातून प्लॅस्टिकच्या दोन नळ्या नेल्या आहेत. एकीने पेट्रोल मागे जाते, दुसरीने उरलेले परत टाकीत येते. मागे पंप, गाळणी, दाब राखणारा झडपेचा डबा आणि चार फवारे यांना जोडणारे रबरी नळीचे डझनभर तरी तुकडे आहेत. या नळ्यांतला दाब सुमारे २ बार, म्हणजे २८-२९ पौंड. मोटारसायकलच्या मागच्या चाकात हवा भरताना आपण साधारण एवढाच आकडा सांगतो. चाकातली हवा निसटली तर चाक बसते. नळीतले पेट्रोल निसटले तर ते तापलेल्या इंजिनावर पडते.

आता रबर बिघडते कशाने? त्याचे चार वैरी आहेत. पहिला वैरी उष्णता. ९१४ चे इंजिन हवेने थंड होणारे, त्यामुळे त्याच्याभोवती सतत धग. वर्षानुवर्षे धग लागली की रबर कडक होते. सायकलची जुनी ट्यूब दुमडून पाहा, घडीवर बारीक भेगांची जाळी दिसते. तेच इथे घडते. दुसरा वैरी खुद्द पेट्रोल. आजच्या पेट्रोलात मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मिसळलेले असते. जुन्या जातीचे रबर त्याने फुगते, मऊ पडते आणि आतून सोलवटते. तिसरा वैरी घासणे. इंजिन हादरते, नळी पत्र्याच्या कडेला लागते आणि रोज थोडी थोडी झिजते. चौथा वैरी आम्ल. या गाडीत बॅटरी इंजिनाच्याच कप्प्यात उजव्या हाताला ठेवली आहे आणि वरचे झाकण जाळीचे. पावसाचे पाणी बॅटरीवर पडते, आम्ल घेऊन खाली झिरपते, पत्रा खाते आणि वाटेत पेट्रोलची नळी असेल तर तिलाही सोडत नाही.

त्या काळच्या जर्मन नळीवर बाहेरून सुताचे विणकाम असे. ते दिसायला मजबूत, पण आतल्या रबराच्या भेगा ते झाकून टाकी. म्हणून या गाडीचे जाणते मालक नुसते पाहून समाधान मानीत नाहीत. नळी बोटाने दाबतात, वाकवतात, हुंगतात. कडक लागली, करकरली, ओलसर दिसली किंवा पेट्रोलचा वास आला, तर ती बाद. आणि एक नळी बाद झाली तर तिच्या वयाच्या सगळ्याच बाद समजाव्यात. नळी किती जुनी हे ठाऊक नसेल, तर ती जुनीच धरावी. बोगद्यातल्या प्लॅस्टिकच्या नळ्याही आता ठिसूळ झालेल्या असतात. त्यांच्या जागी गंज न धरणाऱ्या पोलादाच्या नळ्या घालण्याची चाल पडली आहे, ती चांगली आहे.

नवी नळी निवडताना दुकानदाराने दिली ती घेतली, असे करू नये. अमेरिकन मापदंडाप्रमाणे नळीच्या अंगावर तिची जात छापलेली असते. जे ३० आर ७ ही कार्ब्युरेटरच्या गाडीची नळी. ती ५० पौंड दाबापर्यंतची. जे ३० आर ९ ही इंजेक्शनची. ती १०० पौंडांपर्यंतची, आणि तिच्या आत इथेनॉल व उष्णता सोसणाऱ्या खास रबराचे अस्तर असते. कोणी म्हणेल, दाब २८ पौंड, मग ५० पौंडांची नळी का चालू नये? कारण ५० चा आकडा नव्या नळीचा आहे. धग आणि मद्यार्क सोसून पाच वर्षांनी तिच्यात किती दम उरेल, हा खरा प्रश्न आहे. मापही तपासावे. जर्मन गाडीची मापे मिलिमीटरांत आणि अमेरिकन दुकानातली नळी इंचांत. जवळपास बसते म्हणून सैल नळी क्लिपने आवळून टाकणे म्हणजे पुढच्या गळतीची सोय करणे होय. क्लिपही इंजेक्शनचीच घ्यावी, गुळगुळीत पट्टीची आणि कडा बाहेर वळवलेली. खाचांची साधी क्लिप आवळली की तिच्या खाचा रबरात रुततात आणि ते कापतात.

आता प्रत्यक्ष काम. पेट्रोल पेटते म्हणजे त्याची वाफ पेटते, आणि ही वाफ शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही पेटण्याजोगी असते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड. वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. म्हणून हे काम बंद खोलीत करू नये आणि गॅरेजच्या खड्ड्यावर तर मुळीच करू नये. उघड्यावर, सावलीत, वारा खेळता असेल तिथे गाडी उभी करावी. जवळपास विडी, चूल, वेल्डिंग, चालू मोटार काही नको. उजेडाला उघडा बल्ब नको. झाकबंद बॅटरी चालेल. कोरड्या भुकटीचे आग विझवायचे नळकांडे हाताशी ठेवावे आणि वाळूची बादली भरून ठेवावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरते, हे घरातल्या पोरांनाही माहीत असावे. एकट्याने काम करू नये.

गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी. मग पंपाचा फ्यूज काढावा आणि किल्ली फिरवून इंजिन चालू करावे. नळीत उरलेले पेट्रोल संपले की ते आपोआप बंद पडते आणि दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण तार आधी सोडली तर इंजिन चालूच होणार नाही. दाब उतरला तरी पहिली क्लिप सैल करताना जोडाभोवती फडके गुंडाळावे आणि डोळ्यांना चष्मा लावावा.

पुढे एक फसगत असते. १९७४ पर्यंतच्या ९१४ मध्ये पंप मागे आणि खाली आहे, टाकी त्याहून उंच. पंपाकडची नळी काढली की टाकी आपल्या भाराने रिकामी होऊ लागते. म्हणून टाकीतले पेट्रोल आधीच धातूच्या झाकणबंद डब्यात काढून घ्यावे आणि डबा दूर नेऊन ठेवावा.

जुनी नळी पिरगाळून ओढू नये. खालचे ठिसूळ टोक मोडते. पातीने नळी लांबीत चिरावी आणि सोलून काढावी, टोकाच्या धातूवर मात्र ओरखडा येऊ देऊ नये. एक तुकडा काढावा, त्याच लांबीचा नवा कापावा, बसवावा आणि मगच पुढचा घ्यावा. असे केले म्हणजे कोणती नळी कुठली, हा घोटाळा होत नाही. टोकाला उंचवटा असतो. नळी त्याच्या पुरती पलीकडे चढवावी आणि क्लिप उंचवट्याच्या मागे, नळीच्या कडेपासून थोडी आत बसवावी. घट्ट बसली की थांबावे. रबर दबून बाहेर येईतो आवळू नये. नळी पत्र्यातून जाते तिथे रबरी कडे असलेच पाहिजे.

सगळे जोडून झाले, तरी इंजिन लगेच चालू करू नये. फ्यूज आणि बॅटरीची तार पूर्ववत करून किल्ली फक्त पहिल्या घरात फिरवावी. पंप एक-दोन सेकंद चालतो आणि थांबतो. असे चार-पाच वेळा केले की दाब भरतो. आता प्रत्येक जोडावर कोरडा पांढरा कागद फिरवावा; ओल असेल तर तो लगेच सांगतो. सगळे कोरडे असेल तरच इंजिन चालू करावे. ते तापल्यावर पुन्हा पाहावे, दुसऱ्या दिवशी पाहावे, आठवड्याने पाहावे. आणि चालत्या गाडीत पेट्रोलचा वास आला, तर गाडी बाजूला घेऊन आधी किल्ली बंद करावी, म्हणजे पंप थांबतो. सगळ्यांनी खाली उतरून दूर व्हावे. धूर दिसत असेल तर झाकण सताड उघडू नये. आत वारा शिरला की आग भडकते.

मंडळी, तुम्ही म्हणाल, ही दूरदेशची गाडी आमच्या गावात कुठे आली? ती आली नाही, पण तिची पद्धत आली आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि तेव्हापासूनच्या बहुतेक नव्या मोटारसायकली इंजेक्शनच्या आहेत. त्यांच्या नळीतला दाब ९१४ पेक्षाही जास्त, सुमारे ३ बार असतो. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोलही २०२३ पासून आपल्या पंपांवर येऊ लागले. त्या मिश्रणासाठी न घडवलेल्या जुन्या गाडीची नळी म्हणूनच अधिक जपून पाहिली पाहिजे. इंजेक्शनच्या मोटारसायकलची नळी फाटली, तर साधी नळी चढवून तारेने पिळा मारणारे कारागीर भेटतात. त्यांना नम्रपणे नको म्हणावे. त्या गाडीसाठी कंपनीने दिलेली पुरी नळी जोडासकट बसवून घ्यावी. पंप टाकीच्या आत असतो, आणि तिथली पेट्रोलात बुडून राहणारी नळी तर आणखी वेगळ्या जातीची असते.

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात पेट्रोल आणू नये. फवारणी पंपात स्वच्छ पाणी भरून दाबाची गंमत दाखवावी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबवर भेगांची जाळी दाखवावी. मुले घरी जाऊन बापाच्या गाडीखाली डोकावतील, आणि तेच आपल्याला हवे आहे.

आपल्याकडे पुष्कळ घरांत मोटारसायकल रात्री पडवीत, नाहीतर माजघरातच आणून लावतात. शेजारी चूल असते, देवापुढे दिवा असतो आणि पोरेबाळे निजलेली असतात. पहाटे दार उघडताना पेट्रोलचा वास आला, तर तो गाडीचा नेहमीचा वास म्हणून सोडू नका. काडी ओढू नका, दिव्याचे बटण दाबू नका. दारे-खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या आणि गाडी चालू न करता ढकलत अंगणात काढा. नळीला पैसे थोडेच लागतात. घर पुन्हा उभे करायला जन्म जातो.